मधली दहा लाख वर्षं कुणी घातली?

परवा माझ्या भाच्यानं मला कोंडीत पकडलं. त्याच्यासमोर दोन पुस्तकं उघडी होती. एक त्याच्या बाबांच्या लहानपणचं, पानं पिवळी पडलेलं. दुसरं यंदाच्या वाढदिवसाला आलेलं, गुळगुळीत. जुन्यात डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले होते, नव्यात सहा कोटी साठ लाख. “आत्या, मधली दहा लाख वर्षं कुणी घातली?”

मी भूविज्ञानात पीएचडी केली आहे, तीही सह्याद्रीच्या काळ्या दगडावर, आणि तो दगड नेमका त्याच सुमाराचा. त्यामुळे “नवीन संशोधन झालं रे” म्हणून सुटका करून घेणं मला शोभलं नसतं. खरं उत्तर असं की दोन पुस्तकांच्या मधल्या काळात कुणाला उशिराचा किंवा आधीचा डायनोसॉर सापडला म्हणून आकडा बदलला नाही. ज्या घड्याळानं आपण दगडांचं वय मोजत होतो, तेच किंचित मागं होतं. ते लावून घेण्यात मोठ्या प्राध्यापकांइतकाच हात होता तो पीएचडी करणाऱ्या किंवा नुकतीच संपवलेल्या पोरापोरींचा. म्हणून घड्याळाची गोष्ट सांगताना या मंडळींचीही सांगावी लागते.

एमएस्सी झाली, नेट निघाली, पीएचडीला नाव घातलं. तिथपासून कायमची नोकरी लागेपर्यंतच्या काळाला जगभर ‘अर्ली करिअर’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. आमच्या घरी “ती अजून शिकतेय” असं सांगायचे, माझ्या वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत. युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेच्या हिशेबानं शेवटची पदवी मिळून सात वर्षं होईतो तुम्ही या गटात मोडता. मूल झालं असेल तर त्यापायी थोडी सवलतही मिळते. आपल्याकडे हिशेब रुपयांत होतो. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी तिच्या वरच्या पायरीवर, एसआरएफला, गेलात की ४२,०००, घरभाडं वेगळं, सगळी मिळून पाच वर्षं. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन: दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे. आकडे कागदावर बरे दिसतात. माझे पैसे दर महिन्याला न येता सहा-आठ महिन्यांनी एकदम यायचे, आणि मधल्या काळात खोलीच्या मालकीणबाईंना मी फेलोशिप म्हणजे काय हे इतक्यांदा समजावलं की त्या आता कुणालाही समजावू शकतील.

असो. घड्याळाकडे येऊ.

दगडात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग, पोटॅशियम-४०, किरणोत्सारी असतो. तो हळूहळू मोडतो आणि त्यातल्या काही हिश्शाचा आर्गॉन-४० हा वायू होतो. वेग इतका मंद, की निम्मा साठा मोडायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. लाव्हा पातळ असतो तोवर हा वायू उडून जातो. थिजला की स्फटिकात अडकून बसतो. थोडक्यात, लाव्हा थिजला त्या दिवशी मातीचा गल्ला मांडला गेला आणि त्यात पैसे पडायला लागले. गल्ला फोडून पैसे मोजले आणि वर्षाला किती पडतात हे ठाऊक असलं, की तो कधी मांडला ते सांगता येतं.

मोजण्यात मात्र गोची आहे. पोटॅशियम घन, आर्गॉन वायू. दोन्ही एका यंत्रात एकदम मोजता येत नाहीत. १९६६ मध्ये यावर एक नामी युक्ती पुढे आली. दगडाचे कण अणुभट्टीत ठेवायचे. तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पोटॅशियमच्या काही अणूंचं आर्गॉन-३९ होतं, म्हणजे पोटॅशियमचा हिशेबही वायूच्याच भाषेत मिळतो. मग लेझरनं कण तापवायचे आणि सुटणारे दोन्ही वायू एकाच यंत्रात मोजायचे. फक्त, भट्टीत आपल्या कणांना नेमका किती मार बसला हे कळायला शेजारी एक ओळखीचा दगड ठेवावा लागतो, ज्याचं वय आधीपासून ठाऊक आहे. पेढ्यांच्या खोक्यासारखी दिसणारी ॲल्युमिनियमची छोटी चकती असते, तिला खळगे असतात. काही खळग्यांत आपला नमुना, मध्येमध्ये तो ओळखीचा दगड. जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा असा दगड अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा. फिश कॅन्यन नावाचा ज्वालामुखी राखेचा थर आहे, त्यातलं सॅनिडीन हे खनिज.

किराणा दुकानातलं किलोचं वजन डोळ्यांसमोर आणा. दुकानदार सगळं त्यानंच तोलतो. त्याच्यावर शिक्का आहे एक किलोचा, पण ते भरतं एक किलो साडेसहा ग्रॅम. गिऱ्हाइकं खूश राहतील, पण दुकानदाराच्या वहीतला प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा कमी पडेल, आणि सगळे एकाच प्रमाणात कमी असल्यामुळे कुणाला संशयही येणार नाही. फिश कॅन्यनच्या सॅनिडीनचं नेमकं हेच झालं होतं. १९९८ पासून त्याचं वय २ कोटी ८० लाख २० हजार वर्षं धरत होते. खरं निघालं सुमारे २ कोटी ८२ लाख. फरक पाऊण टक्काही नाही; किलोमागे साडेसहा ग्रॅम.

हळद घेताना साडेसहा ग्रॅमनं काही बिघडत नाही. पण सहा-साडेसहा कोटी वर्षं तोलायची असतील तर तेवढ्यानं चार लाख वर्षं इकडची तिकडे होतात. पाठ्यपुस्तकातला आकडा आधी ६ कोटी ५० लाख होता. २००४ च्या भूवैज्ञानिक कालपटात तो ६ कोटी ५५ लाख झाला, आणि २०१२ च्या कालपटात ६ कोटी ६० लाख. या दुसऱ्या उडीतला मोठा वाटा या साडेसहा ग्रॅमचा.

मग वजन चुकीचं आहे हे पकडलं कसं? दुसऱ्या, स्वतंत्र तराजूनं. मोरोक्कोत भूमध्य समुद्राजवळ समुद्रतळाशी साचलेले जुने थर आता जमिनीवर आले आहेत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्या डुलण्यामुळे ऊन-पावसाचं मान साधारण २१,००० वर्षांच्या लयीत बदलत राहतं आणि समुद्रतळाचा गाळही त्या लयीत रंग-पोत बदलतो. चुलीवरच्या भाकरीला पापुद्रे सुटतात तसे हे थर एकावर एक मोजता येतात. ग्रहांच्या कक्षांचं गणित मागे नेऊन कुठला थर कधीचा हे सांगता येतं, त्याला दगडातल्या घड्याळाची गरज नसते. या थरांमध्ये अधूनमधून ज्वालामुखीची राख आहे आणि राखेत सॅनिडीन आहे. ते सॅनिडीन आणि फिश कॅन्यनचं सॅनिडीन एकमेकांशी ताडून पाहिलं, की वजनाचा खरेपणा कळतो.

हे काम २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. डच आणि अमेरिकी प्रयोगशाळांतल्या ज्येष्ठांची नावं त्यावर होती, पण पहिलं नाव क्लाउडिया कायपर यांचं. त्यांची पीएचडी २००३ ची, उट्रेख्त विद्यापीठातली, आणि विषयही हाच: दगडातलं घड्याळ आणि आकाशातलं घड्याळ एकमेकांशी जुळवणं. सात वर्षांचा नियम लावला तर हा निबंध आला तेव्हा त्या अजून ‘शिकतच’ होत्या.

घड्याळ एकच नाही, हे इथे सांगायला हवं. झिरकॉन नावाचं एक खनिज आहे. ते तयार होताना युरेनियमला आत घेतं आणि शिशाला दाराबाहेर ठेवतं. पुढे युरेनियम मोडून त्याचं शिसं होतं, म्हणजे झिरकॉनमध्ये सापडणारं जवळजवळ सगळं शिसं वयाच्या हिशेबातलं. त्यातही युरेनियमचे दोन प्रकार दोन वेगवेगळ्या वेगांनी मोडतात, त्यामुळे एकाच कणात दोन घड्याळं मिळतात आणि ती एकमेकांवर नजर ठेवतात. मात्र आर्गॉनचं घड्याळ आणि झिरकॉनचं घड्याळ यांच्यात बरीच वर्षं सुमारे एका टक्क्याची कुरबुर होती, आणि झिरकॉनवाल्या प्रयोगशाळांचं तर आपसातही पुरतं जमत नव्हतं. युरेनियम आणि शिसं मोजताना तुलनेसाठी मिसळायचं द्रावण प्रत्येकाचं घरचं, म्हणजे प्रत्येकाचं माप घरचं.

२००३ पासून ‘अर्थटाइम’ नावाखाली या प्रयोगशाळा एकत्र बसायला लागल्या आणि त्यांनी केलं काय, तर एकाच ठिकाणी बनवलेलं, नीट मोजलेलं द्रावण आपसात वाटून घेतलं. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. आता सगळ्यांचं दही एकाच विरजणाचं. तरीही आंबट-गोड निघालं, तर दोष दुधाचा की हाताचा हे तरी शोधता येतं. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत आवडतो. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लोकांनी ‘माझं माप चुकीचं असू शकतं’ हे मान्य करून बाटली पुढे केली. मोठमोठ्या शोधांपेक्षा हे अवघड असतं, कुठल्याही खात्यात विचारा.

आता हे सगळं आपल्या दारात कसं येतं ते पाहू.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खन ट्रॅप म्हणतात त्याला. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतला जिना. पावसाळ्यानंतर कुठल्याही घाटातून समोरच्या डोंगराकडे पाहा, पायऱ्या दिसतील. प्रत्येक पायरीशी एक किंवा अनेक लाव्हाप्रवाह. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. तो बाहेर पडत होता त्याच सुमाराला तिकडे मेक्सिकोत, युकातानला, मोठा अशनी आदळला, आणि डायनोसॉर संपले. अशनीनं मारलं, की आपल्या ज्वालामुखींच्या वायूंनी आधीच जीव मेटाकुटीला आणले होते, हा वाद १९८० पासून चालू आहे. तो सोडवायचा तर आधी काय झालं आणि नंतर काय, हे कळायला हवं. इथे तो एक टक्का नडतो. ६ कोटी ६० लाखांचा एक टक्का म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षं, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटानं झिरकॉनवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे दख्खनचा मुख्य उद्रेक अवघ्या साडेसात लाख वर्षांत उरकला होता. घड्याळ एका टक्क्यानं चुकलं तर जवळजवळ अख्खा सह्याद्री अशनीच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकतो.

काळा दगड सगळीकडे सारखाच दिसतो, मग थर ओळखायचे कसे? १९८० च्या दशकात पवईच्या आयआयटीतले प्रा. के. व्ही. सुब्बाराव आणि इंग्लंड-अमेरिकेतले त्यांचे सहकारी, त्यांत विद्यार्थीही आले, घाटाघाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने गोळा करत गेले. दगडातल्या टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून त्यांनी थरांचे गट पाडले आणि जिथे ते नीट दिसले त्या गावांची नावं दिली. म्हणून आज जगभरच्या निबंधांत नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा ही नावं येतात. ज्यांनी पोलादपूरचा एसटी स्टँड कधी पाहिला नाही ती माणसं ‘पोलादपूर’वरून एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात, हे मला अजून गमतीचं वाटतं.

माझा घाट अंबेनळीचा. महाबळेश्वरवरून पोलादपूरला उतरणारा. काम असं: वळणावळणावर गाडी थांबवायची, जीपीएसवर उंची लिहायची, हातोड्यानं बाहेरचं कुजकं कवच फोडून आतला ताजा दगड काढायचा, पिशवीवर नंबर, वहीत नंबर, फोटोत नंबर. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा थर असतो. एक प्रवाह थिजून दुसरा येईपर्यंतच्या काळात झालेली ती माती. तिच्यात कधीकधी दूरच्या कुठल्या तरी स्फोटक ज्वालामुखीची वाऱ्यावर आलेली राख असते आणि त्या राखेत झिरकॉन. काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ते सहसा मिळत नाहीत, म्हणून झिरकॉनवाल्यांचा जीव या तांबड्या थरांत. गोणीभर माती धुतल्यावर मिठाच्या कणापेक्षा बारीक असे मोजके दाणे मिळाले तर नशीब. अनेकदा तेही नाहीत.

मी आर्गॉनवाली. बेसाल्टमध्ये पोटॅशियम आधीच कमी, म्हणून अख्खा दगड न मोजता त्यातले प्लॅजिओक्लेज हे स्फटिक वेगळे काढायचे. दगड फोडायचा, चाळायचा, चुंबकानं काळं काढून टाकायचं, आणि उरलेल्या पांढुरक्या कणांतून एकही डाग नसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं निवडायचे. एकेक करून. चिमूटभर जमायला आठवडा लागतो. आई एकदा प्रयोगशाळेत आली होती. अर्धा तास शांतपणे पाहत बसली आणि म्हणाली, “तांदूळच निवडायचे होते तर घरी काय कमी होते?” माझ्या पीएचडीचं इतकं अचूक वर्णन अजून दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

घाटात एकटं जाता येत नाही. एक जण मोजतो, एक फोडतो, एकानं वळणावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात करायचा असतो. पण संशोधन प्रकल्पात मदतनिसाचे पैसे असतातच असं नाही. मग आम्ही शेतकऱ्यांचं इरजिक करतो. आज सगळे माझ्या घाटात, पुढच्या महिन्यात सगळे तुझ्या नदीत. मी बेसाल्टवाली, पण गाळ मोजणाऱ्या मित्रासाठी गुडघाभर चिखलात उभी राहिले आहे, आणि भूजलवाल्या मैत्रिणीसाठी सोलापूरकडच्या विहिरींतून बादल्या ओढल्या आहेत. तिथेच एका विहीर खणणाऱ्या आजोबांनी मला मांजऱ्या खडक दाखवला, पांढऱ्या ठिपक्यांचा, पोकळ्या भरलेला. त्याला आम्ही काय म्हणतो हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “नाव मोठं आहे, पाणी तेवढंच लागतं.”

मुलींना आणखी एक हिशेब असतो, जो कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात नाही. घाटात आडोसा कुठे आहे, पुढचं बरं हॉटेल किती वळणांवर, अंधार पडायच्या आत खाली पोहोचतो का, गावात मुक्कामाला शाळा मिळेल की कुणाचं घर. आमच्यात ही माहिती एका वहीतून पुढे जाते. माझ्या आधीच्या ताईनं मला दिली, मी पुढचीला. कुठल्या धाब्यावरची बाई चांगली आहे हेसुद्धा तिच्यात आहे. थरांच्या नकाशाइतकीच ती उपयोगी पडली, जरा जास्तच.

व्हिएन्नात दर वसंत ऋतूत त्या युरोपीय संघटनेचं संमेलन भरतं, हजारो लोक येतात. मी एकदा गेले. व्हिसासाठी बँकेत पैसे दाखवायचे होते, ते चुलत्यांनी पंधरा दिवसांसाठी खात्यात ठेवले. कापडावर छापलेलं पोस्टर घडी घालून पिशवीत, खाण्याला मेतकूट आणि दशम्या. पोस्टरसमोर उभं राहून येईल त्याला समजावायचं, अशी तिथली रीत. माझ्या पोस्टरवर एक तक्ता होता: माझी वयं आणि शेजारी नव्वदच्या दशकातल्या जुन्या निबंधांतली वयं. दोन्हींत काही लाख वर्षांचं अंतर पडत होतं आणि त्यावरून मी एक दणदणीत निष्कर्ष काढला होता. एक म्हातारे गृहस्थ आले, चष्मा कपाळावर सरकवून तक्ता वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “या जुन्या वयांना फिश कॅन्यनचं कुठलं वय धरलंय?”

मला घाम फुटला. मी जुने आकडे जसेच्या तसे उचलले होते. एका स्तंभातलं वजन जुनं, दुसऱ्यातलं नवं. दोन दुकानांतल्या दोन किलोंनी तोललेला माल मी एकाच वहीत लिहिला होता आणि फरकाचा शोध लावला म्हणून मिरवत होते. माझा निष्कर्ष म्हणजे बहुतांशी ते साडेसहा ग्रॅमच होते.

गृहस्थ सज्जन होते, हसून पुढे गेले. शेजारच्या पोस्टरवर एक मुलगी उभी होती, माझ्याच वयाची, दूरच्या देशातली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं लॅपटॉप उघडला आणि जुनी वयं नव्या वजनावर आणायची स्वतःची एक्सेल फाइल मला पेनड्राइव्हवर दिली. रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी तक्ता पुन्हा केला. दणदणीत निष्कर्षाचा एक बारकासा, पण खरा निष्कर्ष उरला. प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्याच्यावर आहे आणि आभारांत तिचं नाव आहे.

एकमेकांच्या चुका वेळेत पकडणं हे या मेळाव्यांचं खरं काम, बाकी बिल्ले आणि कॉफी. तरुणांनी त्यासाठी स्वतःचे गटही काढलेत. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षातून ध्रुवांवर काम करणाऱ्या नवख्यांची ‘एपेक्स’ ही संघटना उभी राहिली. त्याच सुमाराला ‘यंग अर्थ सायंटिस्ट्स नेटवर्क’ आलं. आमच्याकडे मात्र या बाबतीत एक हळहळ आहे. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेस, म्हणजे या विषयाचा कुंभमेळाच, भारतात भरली होती १९६४ मध्ये. त्यानंतर ५६ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये ती पुन्हा दिल्लीजवळ भरायची होती. ज्यांना व्हिएन्नाचं तिकीट कधीच परवडलं नसतं अशा कितीतरी मुलांनी रेल्वेची स्लीपरची तिकिटं काढून ठेवली होती. कोविड आला. काँग्रेस आधी पुढे ढकलली, मग आणखी पुढे, आणि शेवटी २०२२ मध्ये पडद्यावर उरकली. पडद्यावर व्याख्यान ऐकता येतं. शेजारच्या पोस्टरवरची मुलगी भेटत नाही.

दख्खनच्या वादाचं काय झालं? २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक प्रिन्स्टनच्या गटाचा, झिरकॉनवाला. त्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला आणि त्यातली एक उसळी विनाशाच्या काही दशसहस्र वर्षं आधीची. दुसरा बर्कलीच्या गटाचा, आर्गॉनवाला, पहिलं नाव कोर्टनी स्प्रेन, पीएचडी होऊन फार दिवस झालेले नव्हते. त्यांच्या मते उद्रेक बराच सलग चालू होता आणि लाव्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग विनाशाच्या नंतर आला. घाट तेच. गंमत अशी की आता घड्याळांचं भांडण जवळपास मिटलं आहे; दोन्ही गटांची वयं बरीच जवळ आली आहेत. अडलंय ते विनाशाची रेघ लाव्ह्याच्या नेमक्या कुठल्या थरापाशी मारायची यावर. ती रेघ डोंगरात रंगवलेली नसते, दोन मोजलेल्या थरांच्या मध्ये अंदाजानं बसवावी लागते. मोजलेले थर जितके जास्त तितका अंदाज पक्का. म्हणजे परत घाट, परत हातोडा, परत तांदूळ निवडणं.

माझ्या वेळची मंडळी आता पांगली. एक जण यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा पास होऊन सरकारी सर्वेक्षणात गेला, त्याच्या आईनं पेढे वाटले. एक वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात. अंटार्क्टिकाला जाऊन आली आणि तिथून परतल्यावर गोव्याच्या उकाड्यावर अखंड बोलत असते. एक कराडला आहे, जिथे कोयनेचे भूकंप समजून घ्यायला पाडलेल्या खोल विंधण छिद्रांवर काम चालतं. त्यातलं एक २०१७ मध्ये ३ किलोमीटरपर्यंत गेलं. बेसाल्टचा सव्वा किलोमीटर जाडीचा थर ओलांडला की खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, असं तो चहा पिता पिता सांगतो, जणू शेजारच्या वाड्याचा पाया. दोघांनी हा नाद सोडला, एक सॉफ्टवेअरमध्ये आणि एक घरच्या द्राक्षबागेत. मी तासिका तत्त्वावर शिकवते. व्हॉट्सॲपचा ग्रुप अजून आहे, त्यावर बहुतेक वेळा कुणाला तरी एखादा निबंध हवा असतो किंवा कुठल्या तरी यंत्राचा पंप गेलेला असतो.

गेल्या महिन्यात त्याच ग्रुपवरून माझ्या गाइडची नवी विद्यार्थिनी मागे लागली. “ताई, तुमचा ए-१७ उरलाय का? त्याच्या वरच्या थराचं वय मिळालंय, खालच्याचं परत करून बघायचंय.” ए-१७ म्हणजे अंबेनळी घाटातला सतरावा नमुना. माझं त्याचं वय ढिसाळ आलं होतं, अधिक-उणे इतकं मोठं की प्रबंधात मी ते तळटीपेत ढकललं होतं. नमुन्यांच्या गोण्या मी साताऱ्याला माळ्यावर टाकल्या होत्या. रविवारी घरी गेले, माळ्यावर चढले, सगळ्या पिशव्या उपसल्या. ए-१६ होता, ए-१८ होता.

“काय शोधतेयस?” आईनं खालून विचारलं. मी सांगितलं. तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला एक काळा दगड टेकण लावला होता. उलटा करून पाहिला, पांढऱ्या रंगानं लिहिलेला नंबर अजून वाचता येत होता.

बाहेरचं कवच नाहीतरी काढूनच टाकतात, आतला गाभा ठीक असणार. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून मी तो सोमवारी एसटीच्या पार्सलनं पाठवला. आईला दाराला लावायला ए-१८ देऊन आले.